बॅटरीवरचे ड्रिल विकताना ते वापरायचेही दाखवा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

गेल्या काही वर्षांत बेळगाव शहरात आणि खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांत बॅटरीवर चालणारे ड्रिल मशीन घरोघरी दिसू लागले आहे. पूर्वी हे हत्यार सुतार, वायरमन आणि उद्यमबाग-मच्छेच्या कारखान्यांतील कामगार यांच्याच हाती असे. आता ते हार्डवेअरच्या दुकानात दर्शनी भागात टांगलेले असते, ऑनलाइन मागवले की घरपोच येते आणि देवघराच्या फळीपासून गणपतीच्या मखराच्या सांगाड्यापर्यंत बरीचशी कामे घरचीच मंडळी त्याने उरकतात. माणसे आपली कामे आपल्या हाताने करू लागली याचा, आयुष्यभर फिटरकाम केलेल्या मला, मनापासून आनंद वाटतो. मात्र यंत्र विकणारा त्याविषयी काही सांगत नाही आणि घेणारा काही विचारत नाही, ही स्थिती काळजी करण्यासारखी आहे. चतुर्थी तोंडावर आली आहे. घरांत आणि मंडळांच्या मंडपांत हे यंत्र आता रोज चालणार आहे, म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहे.

परवा शहरातल्या एका दुकानात एक कॉलेजचा मुलगा वडिलांसोबत असे ड्रिल घेत होता. खोक्यातले माहितीपत्रक बारीक टायपातील इंग्रजीत होते. वडिलांनी "कसं वापरायचं ओ हे?" असे विचारले, तेव्हा दुकानदार म्हणाला, "काय नाही ओ, बिट लावायचं, बटण दाबायचं, झालं." वायर नाही म्हणजे शॉक लागत नाही, असेही आश्वासन त्याने वर दिले. हे आश्वासन चुकीचे आहे, आणि तेच सर्वांत धोक्याचे आहे.

यंत्राला वायर नसली तरी भिंतीत वायर असते. आजकालच्या बहुतेक घरांत विजेची जोडणी गिलाव्याच्या आतून नेलेली असते आणि बाहेरून तिचा मागमूस लागत नाही. भोक पाडताना बिट, म्हणजे पुढची भोक पाडणारी सळई, त्या वायरीत घुसले तर बिट, ते पकडणारा चक आणि यंत्राच्या तोंडाकडचे धातूचे भाग यांत वीज उतरते. मागची मूठ प्लास्टिकची असली तरी दुसऱ्या हाताने चकजवळ आधार देण्याची सवय अनेकांना असते आणि अशा वेळी तो हात थेट विजेला लागतो. म्हणून स्विचबोर्ड, प्लग किंवा दिव्याचा पॉइंट यांच्या सरळ वर, सरळ खाली आणि त्यांच्या रेषेत आडव्या दिशेने भोक पाडू नये, कारण वायरमन साधारणपणे याच रेषांतून पाइप नेतो. मोरीत आणि स्वयंपाकघरात नळाच्या वरखालच्या रेषेलाही हाच नियम लावावा. तिथे पाण्याचा पाइप असतो. बोर्डाजवळ काम करणे टाळता येत नसेल तर आधी मेन स्विच बंद करावा आणि टेस्टरने खात्री करून घ्यावी.

इथे आपल्या भागापुरती एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. पावसाळ्यात वारंवार लाईट जाते आणि पुष्कळ घरांत इन्व्हर्टर असतो. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरची लाईन चालूच राहते, त्यामुळे त्याचे बटणही वेगळे बंद करावे लागते. शिवाय बॅटरीचे ड्रिल लाईट नसतानाही चालते हा त्याचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो आणि लोक नेमकी लाईट गेलेली वेळ साधून भिंतीत भोके पाडतात. आमच्या गल्लीत एका घरी असेच झाले. लाईट नसताना मुलाने ओट्यावर लोखंडी ब्रॅकेटची फळी बसवली. एक स्क्रू आतल्या वायरीचे आवरण फोडून तांब्याला टेकला होता, पण वीजच नसल्याने त्या वेळी कोणाला काही कळले नाही. रात्री लाईट आली आणि सकाळी त्या घरातल्या वहिनींनी ओल्या फडक्याने फळी पुसली, तेव्हा ब्रॅकेटला हात लागताच त्यांना जोराचा झटका बसला. पायात रबरी चप्पल होती आणि हात लगेच सुटला म्हणून निभावले. त्या घरात फक्त एम.सी.बी. होते. एम.सी.बी. जादा भार आणि शॉर्ट सर्किट ओळखतो, माणसाच्या अंगातून जमिनीकडे जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळत नाही. त्यासाठी असा गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. लागतो. ज्या घरात तो नाही त्या घराने ड्रिल घेण्याआधी तो बसवून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा धोका मनगटाला असतो. बॅटरीचे यंत्र म्हणजे कमी ताकदीचे यंत्र ही समजूत जुन्या काळची आहे. आजचे १८ व्होल्टचे चांगले ड्रिल ५० न्यूटन-मीटर किंवा त्याहून जास्त पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), देते. मोठे बिट किंवा होल सॉ (मोठे गोल भोक कापणारी दातेरी वाटी) लाकडात वा पत्र्यात अडकला की बिट थांबते, पण मोटर थांबत नाही, आणि मग यंत्रच हातासकट फिरते. शिडीवर उभे राहून एका हाताने डोक्यावर भोक पाडणाऱ्याचा अशा वेळी तोल जातो. मंडपाच्या कामात हे दृश्य मी दरवर्षी पाहतो आणि दरवर्षी जीव खाली-वर होतो. यंत्रासोबत बाजूची मूठ मिळाली असेल तर ती खोक्यात ठेवू नये. ती या क्षणासाठीच दिलेली असते. कोपर अंगाजवळ, पाय पक्के आणि बिट आरपार निघण्याच्या बेतात असताना दाब कमी, एवढे पाळले तरी बरेच साधते. वस्तू कधीही दुसऱ्याच्या हातात धरायला देऊ नये. पत्र्याची पट्टी हाताने धरली आणि बिट अडकले की ती पट्टी पात्यासारखी फिरते. शिकंजा नसेल तर साधा सी-क्लॅम्प थोड्या पैशांत मिळतो.

आता त्या आकड्यांच्या कडीविषयी, कारण दहातले नऊ लोक तिला हात लावत नाहीत. चकच्या मागे १ पासून १८, २० किंवा अधिक आकडे लिहिलेली एक फिरती कडी असते. हा क्लच. स्क्रू ठरावीक जोरापर्यंत आवळला गेला की क्लच 'कट कट' असा आवाज करून सुटतो आणि स्क्रू पुढे ओढला जात नाही. लहान आकडा म्हणजे कमी जोर, मोठा आकडा म्हणजे जास्त जोर. प्लायवूडमध्ये छोटा स्क्रू बसवताना आधी ४ किंवा ५ वर ठेवून पाहावे. स्क्रूचे डोके लाकडाशी सपाट येण्याआधीच क्लच सुटला तर एकेक आकडा वाढवावा. हे न केल्यामुळे स्क्रूची खाच झिजते, डोके तुटते किंवा स्क्रू प्लायच्या आत बुडून लाकूड फुटते, आणि मग दोष स्क्रूच्या दर्जाला दिला जातो. त्याच कडीवर बिटचे चित्र असते, ते भोक पाडण्यासाठी. तिथे बहुतेक यंत्रांत क्लच काम करत नाही आणि पूर्ण जोर मिळतो, म्हणून त्या खुणेवर ठेवून स्क्रू आवळू नये. हातोडीचे चित्र विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंतीसाठी असते. लाकूड, लोखंड किंवा टाइल यांवर हातोडीचे चित्र कधीही लावू नये.

यंत्राच्या माथ्यावर १ आणि २ असे आणखी एक बटण असते. १ वर वेग कमी आणि जोर जास्त, साधारण मिनिटाला ४०० ते ५०० फेरे. २ वर वेग १३०० ते १५०० फेऱ्यांपर्यंत आणि जोर कमी. स्क्रू बसवणे, मोठे भोक, होल सॉ ही कामे १ वर करावीत आणि लाकडातली बारीक भोके २ वर. हे बटण यंत्र पूर्ण थांबल्यावरच सरकवावे, नाहीतर आतल्या गिअरचे दात जातात. उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेला नियम इथेही लागतो: बिट जितके जाड तितका वेग कमी. साध्या लोखंडासाठी कापण्याचा वेग मिनिटाला २५ मीटर धरला तर ६ मिलिमीटरच्या बिटला सुमारे १३०० फेरे आणि १० मिलिमीटरच्या बिटला सुमारे ८०० फेरे येतात. घरी कोणी फेरे मोजत बसत नाही, पण कुरळी चिप निघत असेल तर वेग योग्य आहे आणि नुसता भुगा, धूर व किंचाळी निघत असेल तर वेग जास्त आहे किंवा बिट बोथट झाले आहे, हे डोळ्यांनी आणि कानांनी कळते. लोखंडावर आधी सेंटर पंचने खूण करावी, म्हणजे बिट घसरत नाही, आणि तेलाचे दोन थेंब सोडावेत. स्टेनलेस स्टीलवर वेग आणखी कमी आणि दाब जास्त ठेवावा. वेगात नुसते घासत राहिले तर तो पत्रा जागच्या जागी कडक होतो आणि मग चांगले बिटही त्यात शिरत नाही.

आपल्याकडच्या भिंतींविषयी माहितीपत्रकात काहीच लिहिलेले नसते, म्हणून तेही सांगतो. खानापूरकडच्या पुष्कळ जुन्या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत. जांभा मऊ आणि छिद्राळ असतो; त्यात हातोडी लावून भोक पाडले तर ते ऐसपैस होते आणि गिट्टी (स्क्रू पकडण्यासाठी भोकात बसवायची नळी) फिरत राहते. तिथे कार्बाइड टोकाचे बिट हातोडीशिवाय, कमी वेगाने चालवावे आणि गिट्टी नेहमीपेक्षा लांब वापरावी. निपाणी-चिकोडीकडे काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती आढळतात. त्यांत बिट सहज आत जाऊ लागले तर ते दोन दगडांमधल्या मातीत शिरले आहे असे समजावे आणि जागा बदलावी. मातीत बसवलेली गिट्टी जड फळी पेलत नाही. विटांच्या भिंतीला साधारण १२ ते १५ मिलिमीटरचा गिलावा असतो. गिट्टी तेवढ्यातच राहिली तर ती गिलाव्यासकट बाहेर येते, म्हणून भोक विटेत पुरेसे खोल गेले पाहिजे. खोलीची खूण म्हणून बिटवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी. ६ नंबरच्या गिट्टीला ६ मिलिमीटरचेच बिट वापरावे, आणि भोक पाडताना मध्येमध्ये बिट मागे घेऊन चुरा बाहेर काढावा. आरसीसी खांब किंवा तुळईत या यंत्राने झटापट करू नये. बॅटरीच्या साध्या ड्रिलमधली हातोडी दातेरी चकत्या एकमेकींवर घासून उसळल्याने चालते, तिला तेवढा ठोका नसतो. त्या कामाला वेगळे रोटरी हॅमर असते आणि ते भाड्याने मिळते. ग्रॅनाइटच्या ओट्याला भोक पाडण्याचे काम हिऱ्याचे बिट आणि पाणी वापरून करणाऱ्या कारागिरालाच द्यावे. ओटा तडकला तर तो पूर्वीसारखा सांधता येत नाही.

लाकडाच्या बाबतीत आपल्या सुतारांकडे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. सागवान असो वा फणस, फळीच्या टोकाजवळ थेट स्क्रू घातला तर लाकूड चिरते. आधी स्क्रूच्या आतल्या दांड्याएवढे भोक पाडावे लागते. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला कठीण लाकडात ३ मिलिमीटरचे भोक ठीक होते आणि मऊ लाकडात २.५ चे पुरते. गिरमिटाच्या काळापासून सुतार हेच करत आले आहेत. बॅटरीच्या यंत्रात जोर असल्याने स्क्रू भोकाशिवायही आत जातो, इतकेच. चीर दोन-तीन महिन्यांनी दिसते.

बिट बसवण्याची एक वाईट सवय मी जवळजवळ सर्वांत पाहतो. डाव्या हाताने चक घट्ट धरायचा आणि उजव्या हाताने खटका दाबून मोटरच्या जोरावर तो आवळायचा. हात निसटला तर तळव्याची साल निघते, आणि बिटची धार बोटांना लागली तर टाके पडतात. दिशा बदलणारे बटण मधोमध ठेवले की खटका दाबला जात नाही. तसे करून किंवा बॅटरी काढून चक हाताने आवळावा. चकला तीन जबडे असतात. बारीक बिट पुष्कळदा तिघांच्या मध्ये न बसता दोघांच्या फटीत अडकते आणि वरून घट्ट वाटते. काम सुरू करण्याआधी खटका अलगद दाबून बिटचे टोक पाहावे. ते जागच्या जागी ठिपक्यासारखे फिरले पाहिजे. गोल काढत असेल तर बिट तिरके बसले आहे.

ड्रिल चालवताना हातमोजे घालू नयेत, हे अनेकांना उलटे वाटते. फिरणारे बिट मोज्याचा धागा पकडते आणि बोट ओढून घेते. ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या आणि मनगटावरचे गंडेदोरे यांनाही हेच लागू आहे. मनगटावरचा दोरा श्रद्धेने बांधलेला असतो याची मला जाणीव आहे आणि तो तोडा असे मी म्हणत नाही. पूर्ण बाहीचा सदरा घालून बाहीचे बटण लावले की तो आत राहतो. डोळ्यांवर गॉगल मात्र हवाच, आणि तो उन्हाचा काळा गॉगल नव्हे, तर बाजू झाकणारा कामाचा पारदर्शक गॉगल. वर पाहून छताला भोक पाडणाऱ्याच्या डोळ्यांत सारा चुरा पडतो. भोकात फुंकर मारून चुरा काढण्याची सवयही सोडावी. काँक्रीट आणि ग्रॅनाइटच्या धुळीत सिलिका असते. रोज हेच काम करणाऱ्यांना तिच्यापासून सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार होतो. एखादे भोक पाडणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, पण मंडपात किंवा बांधकामावर दिवसभर भोके पाडणाऱ्या पोरांना ठेकेदाराने चांगला मास्क दिलाच पाहिजे. रुमाल बांधून ही बारीक धूळ अडत नाही.

बॅटरीविषयी जुनी एक शिकवण अजून सांगितली जाते की ती पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नये. ती निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळातली आहे. आजची यंत्रे लिथियम-आयनवर चालतात आणि त्यांना पूर्ण उतरवणेच हानीकारक असते. जोर कमी झालेला जाणवला की थांबावे आणि चार्ज करावे. चार्जर त्याच यंत्राचा वापरावा, चार्जिंग अंथरुणावर किंवा रात्रभर कोणी जागे नसताना करू नये. एप्रिल-मे महिन्यांत दुचाकीच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत बॅटरी ठेवू नये. सुटी बॅटरी खिळे आणि स्क्रू असलेल्या पिशवीत तशीच टाकली तर तिची टोके जोडली जाऊन ती तापते, कधी पेटतेही. फुगलेली, भिजलेली किंवा उंचावरून पडून फुटलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नये. ती घराबाहेर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावी. घरच्या कचऱ्यात तर ती टाकूच नये. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा बॅटरी परत कुठे द्यायची हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

खरेदीचा विषय निघालाच आहे तर एक इशारा द्यावासा वाटतो. लिथियमचा एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा असतो. पाच सेल मिळून १८ व्होल्ट होतात आणि नुकते पूर्ण चार्ज केलेले असताना २१ च्या जवळ जातात. म्हणजे '१८ व्होल्ट' आणि '२० व्होल्ट मॅक्स' लिहिलेली यंत्रे एकाच जातीची. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर ४८, ८८ असे आकडे ठळक छापलेले असतात. बॅटरी उघडून पाहिली तर आत तेच पाच सेल, कधी त्याहूनही कमी. त्या आकड्याऐवजी पीळ किती न्यूटन-मीटर, बॅटरी किती अँपिअर-तास, चक १० चा की १३ मिलिमीटरचा आणि दुसरी बॅटरी पुढे सुटी मिळेल का, हे विचारावे. फळ्या, पडदे आणि कपाटाचे बिजागर एवढेच काम असेल तर १२ व्होल्टचे हलके यंत्र पुरते आणि ते हातात ताब्यातही राहते.

आपल्या दैनिकाच्या माध्यमातून तीन ठिकाणी विनंती करावीशी वाटते. पहिली विनंती हार्डवेअरच्या दुकानदारांना. कडीवरच्या खुणा, दिशेचे बटण, भिंतीतल्या वायरीच्या रेषा आणि बॅटरीची काळजी एवढे एका पानावर मराठीत आणि पाठीमागे कन्नडमध्ये छापून प्रत्येक खोक्यात घातले, आणि लाकडाच्या एका तुकड्यावर ग्राहकाकडून एक भोक व एक स्क्रू करून घेतला, तर पाच मिनिटांत काम होते. आपल्या भागात एकाच घरात दोन्ही भाषा वाचणारी माणसे असतात, त्यामुळे असा कागद वाया जाणार नाही. दुसरी विनंती जिल्ह्यातील आयटीआयना. फिटर, सुतारकाम आणि इलेक्ट्रिशियन या ट्रेडचे शिक्षक आणि वर्कशॉप तिथे आहेत. महिन्यातून एखाद्या रविवारी नागरिकांसाठी दोन तासांचा वर्ग ठेवता येईल, आणि त्यात महिलांना आवर्जून बोलवावे, कारण घरातली अशी कामे आता पुष्कळ घरांत त्याच करतात. तिसरी विनंती गणेशोत्सव मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना. मंडपात ड्रिल कोणी चालवायचे हे आधी ठरवावे, त्याला गॉगल आणि मास्क मंडळाच्या खर्चातून द्यावा, शिडी धरायला एक माणूस ठेवावा आणि रोषणाईची लाईन सुरू असताना त्या खांबांवर भोके पाडू देऊ नयेत. मखराचे काम पाहायला लहान मुले जमतातच. यंत्र बाजूला ठेवताना बॅटरी काढून वेगळी, मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

या वर्गात शिकवण्यासाठी कोणत्याही संस्थेने बोलावले तर मी विनामोबदला येईन, आणि एका पानाच्या मराठी कागदाचा मजकूरही लिहून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त फिटर,
वडगाव, बेळगाव